इलायस थॉर्नचा बुडालेला माल

लताबाई देवस्थळींना त्यांची नात 'मुंबईआजी' म्हणायची. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही असं कुणालाही वाटेल, आणि लताबाईंच्या मुलाला, सुशांतला, तसंच वाटायचं. पण निधीला आज्या दोन होत्या आणि दुसरीला ती नुसतं 'आजी' म्हणायची. ती दुसरी नागपूरची. म्हणजे न्यायानं तिला 'नागपूरआजी' म्हणायला हवं होतं, पण तसं कुणी म्हणत नव्हतं. पद्मिनीबाई म्हणजे आजी, आणि लताबाई म्हणजे कुठली ते सांगावं लागणारी आजी. हा फरक त्या घरात एकाच माणसाला कळत होता आणि त्या माणसाला तो दिवसभर कळत राहायचा.

घर मिशिगनमधल्या ट्रॉयला, बिग बीव्हर रोडपासून जरा आत. सुशांत गाड्यांच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. दोन हजार तीनच्या डिसेंबरात त्याला दुसरं मूल झालं, ईशान. सुनेच्या, म्हणजे आसावरीच्या बाळंतपणासाठी तिची आई पद्मिनीबाई नोव्हेंबरातच नागपूरहून येऊन दाखल झाल्या होत्या. ठरलं असं होतं की जानेवारीअखेर त्यांनी परत जायचं आणि मग लताबाईंची पाळी. लताबाई त्या हिशेबानं आल्या. बॅगेत खारकेची पूड, सुंठ, बाळासाठी जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी आणि निधीच्या परकर-पोलक्यासाठी अंजिरी रंगाचा इरकली खण. विमानतळावर त्यांना आणायला सुशांत आला होता आणि त्याच्याबरोबर, सुशांतचंच जुनं जाड जाकीट घालून, पद्मिनीबाई आल्या होत्या. त्यांनी लताबाईंना कडकडून मिठी मारली आणि सांगितलं की बाळ फारच लहान आहे, आसावरी दमते, म्हणून त्यांनी तिकीट मार्चअखेरपर्यंत पुढं ढकललं आहे. आता दोघी मिळून करू.

"बरं झालं," लताबाई म्हणाल्या. अंगाचा तिळपापड होत असताना "बरं झालं" म्हणायची त्यांना चांगली सवय होती.

निधीच्या खोलीतला दुसरा पलंग पद्मिनीबाईंकडे होता. लताबाईंना कॉम्प्युटरच्या खोलीतला उघडून झोपायचा सोफा मिळाला. तो रोज सकाळी मिटावा लागे. पाहुण्यासारखं वाटायला माणसाला आणखी काय लागतं?

पद्मिनीबाई नागपूरच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. तिथल्या स्नेहसंमेलनातली सगळी नाटकं, नाच आणि भाषणं त्यांनीच बसवलेली. त्या दिसायला बेताच्या, गुडघे दुखणाऱ्या, आणि स्वयंपाकात म्हणाल तर फोडणी करपवणाऱ्या. हे सगळं लताबाईंनी पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवलं होतं. पण त्या बाईला कशाची लाज म्हणून नव्हती. पार्कातल्या टेकाडावरून मुलं प्लास्टिकच्या घसरगाडीवर बसून बर्फातून खाली येतात, त्या गाडीवर ही बाई निधीला पुढ्यात घेऊन बसली आणि किंचाळत खाली आली. कुणी बोलावलंही नव्हतं. 'मलाही बसू दे गं' म्हणून आपणहून बसली. लताबाई शाल घट्ट लपेटून वर उभ्या होत्या. मला कुणी ये म्हटलं असतं तर मीही गेले असते, असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांना कुणी ये म्हटलं नाही. दुखणाऱ्या गुडघ्याच्या बाईला हे शोभतं का, असं त्या घरी आल्यावर सुशांतला म्हणाल्या, तर तो हसत सुटला. त्याला वाटलं आई गंमत करते आहे.

आता लताबाईंबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या नुसत्याच जळकुट्या वाटतील. तशा त्या होत्याही, पण नुसत्याच नव्हत्या. मुंबईत फोर्टातल्या एका सरकारी विमा कंपनीत त्यांनी उभी हयात मरीन क्लेम्सच्या खात्यात काढली. समुद्रात जो माल बुडतो, भिजतो, गंजतो, वाटेत गायब होतो, त्याची भरपाई मागायला व्यापारी यायचे, आणि त्यांचा दावा खरा की खोटा, बसतो की बसत नाही, हे लताबाई ठरवायच्या. बाई एवढ्या हुशार की गोदी पाहिलेले पुरुष त्यांच्यापुढं चाचपडायचे. त्यांच्या पहिल्या साहेबांनी त्यांना एक शिकवण दिली होती, ती त्यांनी जन्मभर पाळली. दावा मंजूर करायचा किंवा नामंजूर करायचा, पण समोरच्याला शिकवायचं नाही. त्याचा मुद्दा कुठं लंगडा पडतो आहे ते आपल्याला दिसत असलं तरी आपण तोंडात मिठाची गुळणी धरायची. ज्याला हवं त्यानं नीट मागावं. न मागितलेलं द्यायला आपण बसलेलो नाही.

ऑफिसात ही शिकवण सोन्यासारखी होती. लताबाईंनी ती घरी आणली. घरात कुणी काही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, असं कधी झालं नाही. फक्त मागायला लागायचं. त्यांचे यजमान गुरुनाथराव अबोल. पानात पडेल ते खाऊन उठणारा माणूस. ते गेल्यावर दिवसांना आलेली नणंद सहज बोलून गेली की दादाला लहानपणापासून मऊ, आसट भात आवडायचा. लताबाई जन्मभर मोकळा भात करत आल्या होत्या. गुरुनाथरावांनी मऊ भात कधी मागितला नव्हता.

तर अशा लताबाईंच्या पुढ्यात, भर फेब्रुवारीत, देवानं ताट वाढून ठेवलं.

निधी पाचवीत होती. शाळेत अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा चालू होता आणि तिच्या बाई, मिसेस कोवाल्स्की, यांनी टूम काढली होती की कुणीही सेनापती किंवा पुढारी व्हायचं नाही. त्या काळातली साधी माणसं व्हायचं. सुईण, पाववाला, छापखानेवाला. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, त्या माणसाचं गाऱ्हाणं तयार करायचं आणि काँग्रेसपुढं, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी सभागृहापुढं, मांडायचं. इथली काँग्रेस म्हणजे वर्गातली मुलं आणि त्या दिवशी आलेले पालक. त्यांनी हात वर करून दाद द्यायची. निधीच्या चिठ्ठीत कनेटिकटचा इलायस थॉर्न नावाचा व्यापारी निघाला. त्यानं सैन्यासाठी बूट आणि ब्लँकेटं जहाजात भरून पाठवली, जहाज वादळात बुडालं आणि आता तो काँग्रेसकडं भरपाई मागतो आहे.

जेवणाच्या टेबलावर निधीनं हे सांगितलं तेव्हा लताबाईंच्या हातातला घास हातात राहिला. साऱ्या दुनियेत इतके धंदे पडले असताना पोरीला नेमका बुडालेल्या मालाचा दावा मिळावा! नागपूरला तर समुद्रही नाही. आता कशी येईल माझ्याकडे, असं त्यांना वाटलं आणि त्या मनातल्या मनात मांडे खाऊ लागल्या. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्या म्हणाल्या की त्या ऑफिसात हेच काम करायच्या.

"रिअली, मुंबईआजी? कूल," निधी म्हणाली आणि पद्मिनीबाईंकडे वळून तिनं विचारलं, "आजी, मला कॉस्च्यूम करशील?"

लताबाई थांबल्या. चार दिवस थांबल्या, आठ दिवस थांबल्या. निधी एकदा येईल आणि म्हणेल, मुंबईआजी, मला सांग ना. मग त्या सोफ्यावर बसून तिला सगळं सांगणार होत्या. पण पोर शाळेतून आली की दप्तर टाकून 'आजी' अशी हाक मारायची आणि दोघी खोलीत गुडुप व्हायच्या. आतून हसणं ऐकू यायचं. लताबाई बाळाला मांडीवर घेऊन तेल लावायच्या आणि त्यांचं सगळं लक्ष त्या हसण्याकडे असायचं. त्यांच्या पोटात दुखायचं, अगदी शब्दशः दुखायचं. सुशांतनं त्यांना ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या.

एक दिवस निधी अंजिरी जाकीट घालून दिवाणखान्यात आली. बिनबाह्यांचं, पुढं बटणांचं, जुन्या काळच्या गोऱ्या व्यापाऱ्याला शोभेल असं. काठ बरोबर छातीवर आले होते. लताबाईंनी तो खण ओळखला. दुकानात त्यांनी अर्धा दिवस घालवून निवडला होता तो. पद्मिनीबाईंनी तो आसावरीला विचारून कापला होता, आणि आसावरीनं, बाळ रडत असताना, घे म्हणून सांगितलं होतं.

"लताताई, तुमच्या खणानं काय शोभा आली पाहा," पद्मिनीबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हेच तर वाईट.

"छान दिसतंय," लताबाई म्हणाल्या. त्या रात्रीचा भात त्यांनी करपवला. आयुष्यात पहिल्यांदा.

भाषणाची तालीम स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलाशी चालायची. निधीनं ते आधी स्वतः लिहिलं होतं आणि पोरीनं बरंच नीट वाचून लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं की जहाज सुटण्याआधी सैन्याचा एक अधिकारी धक्क्यावर आला, त्यानं गठ्ठे तपासले आणि प्रत्येकावर डांबरानं सैन्याची खूण केली. लताबाई कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. दावा सगळा या एका वाक्यात होता. खूण झाली तेव्हाच माल सैन्याचा झाला. मग पुढं तो समुद्रात बुडो नाही तर जळो, नुकसान सैन्याचं. पोरीला ते कळलं नव्हतं, पण सापडलं होतं. लताबाईंचा ऊर अभिमानानं भरून आला.

"हे डांबर-बिंबर काय सांगून राहिली तू, बाळा?" पद्मिनीबाई म्हणाल्या. "डांबरानं कोणाला रडू येते का? हे काढ. त्यापेक्षा ते शिपाई बर्फात अनवाणी उभे आहेत, ते घाल."

निधीनं ते वाक्य खोडलं.

बोलायला किती वेळ लागला असता? कणकेच्या हातानंच मागं वळून, 'ते राहू दे गं, तेच खरं आहे' एवढं म्हणायचं होतं. लताबाईंच्या ओठापर्यंत आलं. मग त्यांना वाटलं, मला कुणी विचारलंय? माझा खण कापला तेव्हा विचारलं होतं? घसरगाडीवर बस म्हणून विचारलं होतं? ज्यांना रडवायचं आहे त्यांना रडवू देत. त्यांनी कणीक इतकी तिंबली की पोळ्या चामट झाल्या, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आसावरी बाळाजवळ थांबली आणि सुशांत दोघींना शाळेत सोडून ऑफिसला गेला. वर्गात मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर आईबाप आणि आजी-आजोबा गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. सुईण आली, पाववाला आला, छापखानेवाला आला. आईबापांनी गोड गोड प्रश्न विचारले, हात वर केले, सगळ्यांची गाऱ्हाणी मंजूर झाली. मग अंजिरी जाकिटातली निधी पुढं आली. तिनं वादळ उभं केलं, बुडणारे खलाशी उभे केले, बर्फात रक्ताळलेली पावलं उभी केली. मागच्या एका बाईनं नाक पुसलं. पद्मिनीबाईंचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते आणि डोळे वाहत होते. भाषण संपलं तेव्हा निधीनं पाहिलं ते त्यांच्याकडे, फक्त त्यांच्याकडे.

त्या पाहण्यानं घात केला. मिसेस कोवाल्स्कींनी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं आणि लताबाईंचा हात वर गेला. त्यांचं इंग्रजी ऑफिसातलं, कडक आणि बिनचूक. त्यांनी विचारलं की जहाज बुडालं त्या क्षणी तो माल कोणाच्या मालकीचा होता.

निधी गोंधळली. हसली. मग म्हणाली की माझा, मीच पाठवला होता ना.

"मग तुझा माल बुडाला, त्याचं सैन्यानं काय करावं?" लताबाईंनी विचारलं. "त्यांच्या हातात तर तो आलाच नव्हता."

निधीनं पुन्हा पद्मिनीबाईंकडे पाहिलं. पद्मिनीबाईंनी आपल्याला काही कळत नाही अशी मान हलवली. पुढच्या रांगेतला एक तांबड्या केसांचा मुलगा म्हणाला की हे बरोबर आहे, दुकानात माझं आइस्क्रीम पडलं तर दुकानदार पैसे का देईल? पोरं हसली. बाईंनी प्रश्न फार छान आहे वगैरे म्हणून सावरायचा प्रयत्न केला, पण मत घेणं भाग होतं. मोठ्यांनी दयेनं हात वर केले, मुलांनी केले नाहीत, आणि मुलं जास्त होती. लताबाईंचा हात मांडीवर होता. सबंध वर्गात एकट्या इलायस थॉर्नचा दावा नामंजूर झाला.

लताबाईंना अगदी थोडा वेळ फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगा? पाय दुखत असताना चप्पल काढल्यासारखं वाटलं. मग निधी जागेवर जाताना जाकिटाची बटणं काढताना दिसली, आणि ते बरं वाटणं गेलं ते गेलंच.

न्यायला सुशांत आला. गुडघ्यांमुळं पद्मिनीबाई पुढं बसल्या आणि मागं निधी आणि लताबाई. बऱ्याच दिवसांनी दोघी इतक्या जवळ बसल्या होत्या. निधी रडत नव्हती. ती विचार करत होती. बिग बीव्हर रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं लताबाईंकडे तोंड वळवून विचारलं की हा इलायस थॉर्न जिंकू शकला असता का? खरं सांग, मुंबईआजी, तुझं ऑफिसात हेच काम होतं ना?

ज्या प्रश्नाची त्या महिनाभर वाट पाहत होत्या तो असा आला. लताबाईंनी तो व्यवस्थित सोडवून सांगितला. धक्क्यावरचा अधिकारी, डांबराची खूण, खूण झाली की माल सैन्याचा. बोलता बोलता त्या रंगल्या सुद्धा.

"पण मी ते म्हटलं होतं," निधी म्हणाली. "किचनमध्ये. यू वेअर राइट देअर. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं होतं."

"देन व्हाय डिडन्ट यू टेल मी?"

"तू विचारलं नाहीस."

निधी त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला राग आलेला नव्हता, तिला ते उत्तर समजलंच नव्हतं. समजून घेण्याचा प्रयत्न करत ती हळूच म्हणाली, "आजीला विचारावं नाही लागत."

सुशांतनं आरशातून आईकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. पद्मिनीबाई पुढून म्हणाल्या, "चूक माझीच आहे, बेटा. मीच काढायला लावलं ते वाक्य." आणि मागं न पाहता त्यांनी आपला हात दोन सीटांच्या मधून मागं केला. निधीनं तो धरला. दोष अंगावर घ्यायचं सुद्धा या बाईला जमतं, लताबाईंना वाटलं, आणि त्याचंही बक्षीस तिलाच मिळतं. हात धरलेली ती दोन माणसं घरापर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. मत्सर तसाच होता, रतिभरही कमी झाला नव्हता. पण आता त्याच्याखाली आणखी काही दिसत होतं. गुरुनाथराव दिसत होते, मोकळा भात मुकाट्यानं कालवणारे.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर निधीच्या खोलीत नेहमीसारखी वेणी चालली होती. पद्मिनीबाई पलंगावर, निधी खाली त्यांच्या पायांशी. अंजिरी जाकीट खुर्चीवर टाकलेलं. लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या अशा रोजच उभ्या राहायच्या आणि पाणी प्यायच्या निमित्तानं पुढं जायच्या. आज त्या गेल्या नाहीत. घसा खाकरून, जन्मात कुणाकडं काही न मागितलेल्या माणसाच्या आवाजात त्या म्हणाल्या, "निधी, आज वेणी मी घालू का तुझी?"

पद्मिनीबाईंनी लगेच फणी पुढं केली. "या ना, लताताई, बसा."

पण निधीनं मान वळवली नाही. तिनं जरासा विचार केला. मग म्हणाली, "टुडे नको. उद्या."

'उद्या' हा शब्द लताबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. ऑफिसात टेबलामागं बसून त्यांनी तो किती माणसांना दिला होता. आज नाही, उद्या या. ती माणसं लगेच उठायची नाहीत. टोपी हातात धरून एक प्रश्न हटकून विचारायची आणि त्या प्रश्नानं लताबाई चिडायच्या. उद्या म्हटलं ना, मग एवढं समजत कसं नाही यांना?

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"उद्या कधी येऊ?" त्यांनी विचारलं.